काटेवणचा ताप आणि एकोणीस ओळींचे आज्ञापत्र

॥ श्री ॥

आधी वंदन गजाननास, ज्यांणी हाती घेतलेले लेखन अर्ध्यावर टाकिले नाही. मग वंदन शारदेस. आणि मग वंदन त्या अनामिक महापुरुषास, ज्याणे शून्य शोधून काढून तमाम कारकुनांस जन्माचा उद्योग लावून दिला. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरे, भाद्रपद वद्य षष्ठी, सोमवार, ते दिवशी या राज्यात आकडेविद्येचा सातवा वर्ग बसला, त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही. ज्यांस ठाऊक त्यांस सांगणे नलगे, आणि ज्यांस ठाऊक नाही त्यांणी आपलेच राज्य समजावे, बहुतकरून चुकणार नाहीत. लिहिणार कोण म्हणाल तर दफ्तरातील एक कारकून. मागील सहाही वर्गांस आम्ही जातीने हजर होतो, सहाही प्रमाणपत्रे पदरी आहेत, घरी सहा पिशव्या आणि सहा लेखण्या आहेत. विद्येचे विचाराल तर ती वर्गातच राहिली. आणि आम्ही एकटेच ऐसे, हे कोणी समजू नये. सकाळी चहा, दुपारी चहा, मध्ये डुलकी, शेवटी एकत्र छायाचित्र, ऐसा वर्गाचा रिवाज पडून गेला होता.

परंतु यंदा प्रसंग निराळा आला. पाऊस सरता सरता बारा महालांत ताप पसरला, आणि वैद्यांचे पथक एक, औषधाची गाडी एक, दुसरे पथक सिद्ध होण्यास महिना लागणार. तेव्हा श्रीमंतांनी हुकूम केला की, "बाराही महालांच्या आरोग्यवह्या वर्गात आणाव्या, शिकता शिकताच हिशेब करावा की दर शेकडा माणसांत तापकरी किती, आणि शुक्रवारी दरबारात यादी वाचावी. यादीत जो महाल पहिला, तेथे गाडी त्याच दुपारी रवाना होईल." हुकूम ऐकताच पुष्कळांचे तोंडचे पाणी पळाले. कारण आजवर वर्गात शिकलेले कामास लावावे, हा अन्याय कोणी केला नव्हता.

वर्ग घेण्यास रशीद मास्तर इनामदार आले. राज्याच्या दक्षिण सरहद्दीवरील गृहस्थ, अंगाने काटकुळे, बोलणे थोडे, सामान म्हणाल तर दोन लॅपटॉप आणि एक शबनम पिशवी. ते येताच विसाजीपंत चिटणीस यांणी पहिला आक्षेप घेतला की पितृपंधरवडा चालला आहे, नवीन कार्यास आरंभ करू नये. हे विसाजीपंत म्हणजे दरबाराचे नाक. वय साठीपुढे, अक्षर मोत्याचे दाणे, आणि स्वभावाने सरळ, कोणाच्या पैचा मिंधा नाही. परंतु मानपान म्हटला की प्राण देतील. राज्यात एक मानपट आहे. त्यात बारा महालांची नावे मानाच्या क्रमाने लिहिली आहेत, आणि दरबार असो, लग्न असो, जेवणाची पंगत असो, सर्व त्याच क्रमाने. थोरलेपेठ पहिली. काटेवण बारावे, कारण ते डोंगरातले, उशिरा राज्यात आले. तेथील माणसाचा पाट पंगतीच्या टोकास, आणि कढी तेथवर पोहोचे तो निवून तीवर साय धरलेली. हा मानपट विसाजीपंतांस तोंडपाठ. तर त्यांचा आक्षेप ऐकून मास्तर बोलिले, "पंत, तापाने पंचांग पाहिले असते तर आम्हीही पाहिले असते." मग वर्ग सुरू जाहला.

त्या वर्गात काटेवणच्या आरोग्यवहीची कारभारीण तुळसाबाई गवारी आली होती. वय तिशीचे आत, डोंगर उतरून सात कोस चालून मग गाडी धरिली, आणि कडेच्या बाकावर बसली. तिणे आपल्या महालाची वही घरोघर हिंडून स्वतः लिहिली होती. घरी तिचा धाकटा भाऊ सोपान अकरा दिवस तापात पडलेला, त्याच्या उशाशी शेजारीण बसवून ती आली होती. आम्ही शेजारच्या बाकावर, म्हणून सहज पुसले, "बाई, ऐशा वेळी घर सोडून वर्गास कशास आलात?" ती बोलिली, "दादा, घरी बसून मी त्याला पाणी पाजीन, दुसरं काय व्हनार? गाडी आमच्याकडं वळली तर समद्यांनाच औषध मिळंल. म्हनून आले." आम्ही चहाचा पेला खाली ठेविला. आम्ही पिशवीसाठी आलो होतो, हे तिला सांगवले नाही.

पहिले दिवशी तर मोठीच धुळधाण जाहली. मास्तरांनी सांगितले की यंत्रास हुकूम ओळीओळीने लिहून द्यावे लागतात. मग दरबारी मंडळींनी दरबारी रीतीने लिहिले. एकाने लिहिले, "कृपा करून सरासरी काढावी." दुसऱ्याने आधी आपल्या सात पिढ्यांची नावे लिहिली आणि मग हुकूम. आम्ही एक कंस उघडिला आणि मिटावयास विसरलो, त्या एका कंसापायी सारी फौज खिंडीत अडली, पडद्यावर तांबड्या ओळींचा सडा पडला, आणि आम्हास वाटले की यंत्र फुटले, म्हणून बाकाखाली पाय ओढून घेतले. मास्तर हसले नाहीत. मास्तरांनी सांगितले, "यंत्र गाढव नव्हे आणि पंडितही नव्हे. सांगाल तेवढंच करतं, सांगाल तसंच करतं. तांबडी ओळ म्हणजे शिवी नव्हे, ती वाट दाखवते. घाबरू नका, वाचा." तुळसाबाईंनी ते बोलणे वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले, आणि त्या दिवसापासून तांबडी ओळ आली की आम्ही डोळे मिटावे आणि तिणे पुढे वाकून वाचावे, ऐसे होऊ लागले.

मग दुसरे दिवशी वह्या उघडल्या तो महाल बाराचे सतरा निघाले. कारण एका कारकुनाने "थोरलेपेठ" लिहिले, दुसऱ्याने "कसबे थोरलेपेठ", तिसऱ्याने "श्रीमत् थोरलेपेठ", आणि यंत्राने तीन वेगळे महाल धरिले. मास्तर म्हणाले की सर्वत्र नुसते थोरलेपेठ करा. विसाजीपंत ताडकन उठले आणि बोलिले, "मास्तर, नुसते थोरलेपेठ? काय हे! रस्त्यावरच्या माणसास हाक मारावी तैसे?" मास्तर म्हणाले, "पंत, मान माणसास द्यावा. यंत्रास तो कळत नाही, आणि त्यास तो दिला तर तुमच्याच पेठेचे तीन तुकडे होतात." हे पंतांस पटले नाही, परंतु पेठेचे तुकडे ही गोष्ट मनास लागली, म्हणून बसले. त्याच दिवशी मास्तरांनी वर्गाचा मुख्य मंत्र दिला, तो येणेप्रमाणे: "मूळ वहीला हात लावायचा नाही. जे करायचं ते लिहून करायचं. उद्या मी मेलो तरी तुमच्या ओळी चालवून तिऱ्हाइताला तेच उत्तर आलं पाहिजे. ज्याच्या ओळी नाहीत त्याचा आकडा आम्ही ऐकत नाही."

तिसरा दिवस सरासरीचा. मास्तर म्हणाले की दरबारात सात कारकून उभे करा, प्रत्येकी वजन दीड मण, आणि आठवा हत्ती, वजन शंभर मण. आता सरासरी काढा. काढिली तो दर असामी पावणेचौदा मणांवर आली. आम्ही आपल्या पोटाकडे पाहिले आणि म्हणालो की इतके काही आमचे नाही. तेव्हा मास्तर बोलिले की म्हणूनच आकडा ऐकताच मान डोलवू नये, आधी पुसावे की यात हत्ती कोठे आहे. सहा वर्गांत जे डोक्यात शिरले नाही ते त्या हत्तीने एका दमात शिरविले, आणि दुपारचा चहा यावयाचा राहून गेला तरी कोणास आठवण जाहली नाही. ऐसे या राज्यात पूर्वी घडले नव्हते.

चौथे दिवशी, गुरुवारी, तुळसाबाईंचे आज्ञापत्र, म्हणजे यंत्रास द्यावयाच्या हुकुमांचा कागद, पुरे जाहले. ओळी एकोणीस. त्यांत नावे साफ करणे आले, माणसे मोजणे आले, तापकरी मोजणे आले, शेकडा काढणे आले, आणि शेवटी अधिक तापाचा महाल वर, कमी तापाचा खाली, ऐशी यादी लावणे आले. मास्तरांनी दोन वेळा तपासिले, मग कळ दाबिली आणि यादी उतरली. काटेवण पहिले, शेकडा एकतीस. दुसऱ्या महालाचे चौदा. थोरलेपेठ नववी, शेकडा तीन. यादी वाचून तुळसाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि बोलिल्या, "एकतीस म्हंजी लई हायती, मास्तर. पर निदान कागदावर तरी आलं." मास्तरांनी यादीचा छापील कागद विसाजीपंतांचे हवाली केला, कारण दरबाराचा रिवाज ऐसा की चिटणिसाचे हस्ताक्षरावाचून कोणताही कागद श्रीमंतांपुढे वाचला जात नाही.

आता पंतांनी घरी जाऊन काय केले ते ऐकावे. कागद पाहताच त्यांचे मस्तक फिरले. काटेवण वर आणि थोरलेपेठ नववी! ते मनात बोलिले की यंत्र बिचारे परके, त्यास मानपट ठाऊक नाही, आपण सुधारून द्यावे. मग स्नान करून, पाटावर बसून, सरकारी कागदावर आधी बारा नावे मानपटाचे क्रमाने मोत्याच्या दाण्यांत लिहिली, आणि मग त्या नावांपुढे आकडे वरून खाली जैसे उतरले होते तैसे, एकही इकडचा तिकडे न करता, उतरून काढिले. आकड्यांस धक्का लावणे म्हणजे सरकारी मालास हात घालणे, ऐसी त्यांची निष्ठा. अंतःकरणात कपट तिळभर नाही. ऐसा प्रमाद फक्त आमच्याच दरबारात घडावा, आणि तोही सर्वांत प्रामाणिक माणसाच्या हातून.

शुक्रवारी दरबार भरला. प्रमाणपत्रांचे तबक मांडले, पिशव्यांची रास लागली, बाहेर औषधाची गाडी जुंपून उभी राहिली, आणि विसाजीपंतांनी कागद उघडून खणखणीत वाचिले, "थोरलेपेठ, शेकडा एकतीस." थोरलेपेठेचे सरदार खंडेराव बसले होते, त्यांणी क्षणभर दचकून मग मिशीस पीळ दिला आणि बोलिले, "आजवर कोणत्याही गोष्टीत दुसरे आलो नाही, तापात तरी कशास येऊ?" पंत वाचीत गेले, वाचीत गेले, आणि शेवटी आले, "काटेवण, शेकडा दोन." गाडीवानास इशारत गेली. वैद्य उठले.

तो कडेच्या बाकावरून तुळसाबाई उभी राहिली. दरबारात आज्ञेवाचून उभे राहणे हा गुन्हा, हे तिला ठाऊक होते. ती बोलिली, "सरकार, माफी आसावी. त्यो एकतीस माझा हाय." सभेत हशा पिकला. चोपदार पुढे सरकला. ती म्हणाली, "त्यो आकडा म्या घरोघर हिंडून गोळा केलाय. वाडीवाडीनं. त्याच्यात माझा भाऊ हाय, शेजारपाजारची मानसं हायती. त्यो दुसऱ्याच्या नावापुढं कसा गेला, मला ठावं न्हाई. पर गाडी चुकीच्या वाटंला चालली हाय."

विसाजीपंतांचा चेहरा लाल जाहला. ते बोलिले, "सरकार, या चिटणिसाने चाळीस वर्षांत एका आकड्यास बोट लाविले नाही. बाई आपल्या गावच्या मायेने बोलते." श्रीमंतांनी हात वर करून सभा स्तब्ध केली आणि पुसिले, "बाई, कागद म्हणतो एक, तू म्हणतेस दुसरे. प्रमाण काय?" ती म्हणाली, "प्रमान तोंडाचं न्हाई, सरकार. मूळ वह्या हायेत, त्यांना कुनी हात लावलेला न्हाई. आन ह्या माझ्या एकोनीस वळी. आपुन सवता कळ दाबून बघावं." मास्तरांनी पडदा लाविला, लॅपटॉप सिंहासनापुढे चौरंगावर ठेविला, तिणे आज्ञापत्र उघडून ओळीओळीने दाखविले, आणि श्रीमंतांनी आपले हस्ते कळ दाबिली.

तांबडी ओळ आली.

सभेत कुजबूज उठली. खंडेराव हसले. पंत म्हणाले, "पहा, यंत्रही नाही म्हणते." खोटे कशास सांगू, आम्ही डोळे मिटले. परंतु तुळसाबाई पुढे वाकली आणि तिणे ती ओळ वाचिली. मग शांतपणे बोलिली, "सातव्या वळीत कंस ऱ्हायला. आत्ता दाखवताना कळीला बोट लागलं, तवा पुसला गेला." तिणे कंस मिटिला. श्रीमंतांनी पुन्हा कळ दाबिली. पडद्यावर यादी उतरली: काटेवण, शेकडा एकतीस.

श्रीमंत मोठे चतुर. ते म्हणाले, "एका यंत्राची साक्ष आम्ही धरीत नाही. वर्गातील सर्वांनी याच ओळी आपापल्या यंत्रावर, मूळ वह्यांवर चालवाव्या." मग नऊ यंत्रे उघडली. कोणी इकडे, कोणी तिकडे, कोणी खांबाआड, कोणी पिशव्यांच्या राशीवर बसून, एकोणीस ओळी चालविल्या. आम्हीही आमच्या हाताने चालविल्या. जन्मात पहिल्यांदा तांबडी ओळ न येता यंत्राने उत्तर दिले, आणि ते उत्तर तेच होते, काटेवण एकतीस, थोरलेपेठ नववी, तीन. नऊ जागी नऊ माणसे, आणि यादी एकच. त्या दिवशी समजले की मास्तर "तिऱ्हाइतालाही तेच उत्तर" म्हणत होते ते कशासाठी.

इतक्यात विसाजीपंत आपला कागद घेऊन पडद्याजवळ गेले आणि दोन्ही याद्या शेजारी धरून वरून खाली पाहू लागले. आकडे जैसेच्या तैसे, एकतीस, चौदा, अकरा, खाली दोनपर्यंत. नावे मात्र निराळी. मग पंत पागोटे सावरून सिंहासनापुढे आले आणि बोलिले, "सरकार, आकड्यांस हात लाविला नाही हे खरे. नावे मी मानपटाप्रमाणे लाविली. प्रत्येक आकड्याचे एक घर असते, हे या म्हाताऱ्याच्या ध्यानी आले नाही. गाडी चुकीच्या महाली मीच धाडीत होतो." चूक करणारे आम्ही पुष्कळ पाहिले. दरबार भरलेला असता आपण होऊन सांगणारा हा पहिलाच पाहिला, आणि मानासाठी प्राण देणाऱ्या माणसाने आपला मान आपल्या हाताने खाली ठेविला, म्हणून आम्हास त्यांचा अभिमान वाटला.

श्रीमंत बोलिले, "गाडी काटेवणास जाईल, आणि आता जाईल. पंत, तुम्ही गाडीसोबत जावे, घरोघर हिंडावे, आणि रोजची वही आपल्या हस्ताक्षरात लिहावी." खंडेराव पुटपुटले, "तापात का होईना, आम्ही नववे?" परंतु तिकडे कोणी लक्ष दिले नाही. प्रमाणपत्रे त्या दिवशी वाटावयाची राहिली. एकत्र छायाचित्रही राहिले. तुळसाबाई गाडीत पुढे गाडीवानाशेजारी बसली, मागे वैद्य, आणि औषधाच्या पेट्यांवर वही मांडीवर घेऊन विसाजीपंत, ऐसी स्वारी डोंगराकडे कूच जाहली.

पंत तेथे महिना राहिले. वाड्या चढले, उतरले, वहाणा झिजल्या, एकदा स्वतः तापले आणि तुळसाबाईंच्या हातची पेज प्याले. सोपान दहाव्या दिवशी उठून बसला, आणि पंतांची दऊत तोच भरून देऊ लागला. महिन्याअंती ताप शेकडा एकतिसाचा चार जाहला. मग आश्विनात परत येऊन पंतांनी श्रीमंतांपुढे वही ठेविली. खंडेरावांनी डोकावून पाहिले तो पहिल्याच पानावर वाड्यांची नावे ज्या क्रमाने लिहिली ती कोणत्याच मानपटात नव्हती. ते म्हणाले, "पंत, हा क्रम कसला?" पंत बोलिले, "खंडेराव, ज्याचा ताप जास्त, त्याचा मान पहिला."

मग दिवाळीनंतर राहिलेली प्रमाणपत्रे वाटली आणि वर्गाची पंगत बसली. पाट मांडण्याचे काम पंतांचेच. तुळसाबाई रिवाजाने टोकाकडे चालली, तो पंतांनी तिला हाक मारून पहिल्या पाटावर बसविले आणि स्वतः कडेच्या पाटावर जाऊन बसले. वाढप्याने पहिली वाटी तिजपुढे ठेविली. आम्ही समोरच होतो. तिणे वाटी ओठांस लाविली आणि चटकन मागे घेतली. कढी गरम होती.

ऐसी ही हकीकत. तात्पर्य थोडक्यात: वर्ग पाच दिवसांचा, आज्ञापत्र एकोणीस ओळींचे, आणि त्यापायी एक महाल तापातून उठला. आठवा वर्ग चैत्रात बसणार, त्यास पहिल्या बाकावर विसाजीपंत आणि दुसऱ्या बाकावर आम्ही, ऐसे ठरले आहे. आमची सातवी पिशवी मात्र आम्ही घेतली नाही, सोपानास दिली. या लेखनात कोठे अधिक उणे जाहले असेल तर मूळ वह्या दफ्तरात आहेत, त्यांस कोणी हात लाविला नाही; वाचणाराने ओळी चालवून पाहाव्या.